मागे राहणारा माणूस



मास्तरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी विषय सांगितला आणि मग होकार कळवला. परक्या देशात जाणाऱ्या समलिंगी प्रवाशाने काय बघावं, कसं वागावं, कशाची काळजी घ्यावी, हा तो विषय. फोनवर पलीकडून कुणी चाचरलं नाही. "मास्तर असते तर पहिल्या रांगेत बसले असते," एवढंच उत्तर आलं. मला त्याचं फार बरं वाटलं.

ते आम्हाला भूगोल शिकवायचे. भिंतीवर नवा नकाशा टांगला की पहिला तास नद्यांचाही नसे आणि डोंगरांचाही नसे. तो खालच्या कोपऱ्यातल्या सूचीचा असे. हिरवा कशाचा, पिवळा कशाचा, तुटक रेघ म्हणजे काय. सूची वाचल्याशिवाय कुणी देशावर बोट ठेवलं तर ते बोट मागे घ्यायला लावायचे. आज मला जे सांगायचंय ते त्या सवयीतून आलेलं आहे.

मी २२ वर्षं टूर मॅनेजर म्हणून काम करतोय. मराठी ग्रुप घेऊन सगळ्यात जास्त वेळा ज्या देशात गेलो तो इजिप्त. आणि मी समलिंगी आहे. माझा जोडीदार समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. या दोन गोष्टी माहीत असल्यामुळे मला फोन येतात. पुण्याहून, नाशिकहून, कधी सिंगापूर किंवा दुबईला नोकरी करणाऱ्या मराठी मुलांचे. प्रश्न बहुतेक वेळा एकाच शब्दांत येतो : "तिकडं आपल्यासारख्यांना चालतं का?"

फोन करणाऱ्याने बहुधा आधी जगाचा एक रंगीत नकाशा पाहिलेला असतो. कुठे फाशी, कुठे तुरुंग, कुठे लग्नाची मुभा, असे देश रंगवलेले. हे नकाशे उपयोगाचे आहेत, मीही बघतो. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडपी कायद्याने लग्न करू लागली. सिंगापूरच्या संसदेने २०२२ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम काढून टाकलं, मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये. श्रीलंकेत मात्र इंग्रजांच्या वेळचं कलम पुस्तकात तसंच आहे. आपल्या देशाचा रंग तर माझ्या डोळ्यांदेखत तीनदा बदलला. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आम्हाला गुन्हेगारीतून सोडवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा गुन्हेगार केलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा सोडवलं.

पण इजिप्तवर बोट ठेवा. तिथे समलिंगी संबंधांना नाव घेऊन गुन्हा ठरवणारं कलमच नाही. आपलं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये लिहून दिलं. इजिप्तचं दंडविधान फ्रेंच वळणाचं, त्यात तसलं काही आलंच नाही. मग माणसं तुरुंगात कशी जातात? १९६१ चा १० क्रमांकाचा एक कायदा आहे, वेश्याव्यवसायाला आळा घालण्यासाठी केलेला. त्यात 'फुजूर' असा एक अरबी शब्द आहे. आपण त्याला स्वैराचार म्हणू, बदफैलीपणा म्हणू. सराईत फुजूर केला तर ३ महिने ते ३ वर्षं कैद. या एका शब्दावर पोलीस आणि न्यायालयांनी पुरुषांना पकडण्याची सगळी पद्धत उभी केली. कलम नाही म्हणून निर्धास्त जाणारा इथेच फसतो. नकाशा कलमाचा असतो. पोलीस चौकीत काय चालतं, याचा रंग सूचीत नसतो.

आता मी तुम्हाला कैरोच्या रस्त्यावर नेतो, कारण तिथेही वाचण्यात चूक होते.

खान अल खलिलीच्या बाजारात शिरलात की चेहरा बघून दुकानदार हाक मारतात : "अमिताभ बच्चन!" तुम्ही पंचविशीचे असा नाहीतर सत्तरीचे, हाक तीच. इजिप्तमधल्या कितीतरी घरांनी आपले सिनेमे बघितलेत, आणि त्यांना आपल्याबद्दल खरंच माया आहे. त्याच गल्लीत दोन तरुण हातात हात गुंफून चाललेले दिसतील. चहाच्या टपरीवर एक मित्र दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून शिशा ओढत असेल. भेटल्यावर पुरुष पुरुषांच्या गालाचे मुके घेतात. युरोपातून आलेल्या माणसाला हे बघून वाटतं, अरे, इथे तर मोकळीक आहे. आपल्याला तसं वाटायचं कारण नाही. माझ्या गावी जत्रेत बापई माणसं करंगळीत करंगळी अडकवून फिरायची. त्या करंगळीला गावात काही नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणूनच ती चालायची. ज्या दिवशी कुणी तिला नाव देतं, त्या दिवशी ती सुटते. कैरोच्या रस्त्यावर त्या नाव नसलेल्या जिव्हाळ्यात पाहुण्याने हक्काने शिरायचं नसतं.

हॉटेलचं बोलू. माझ्या हातात नेहमी रूमिंग लिस्ट असते. कोण कुणाबरोबर, ट्विन की डबल. दोन परदेशी पुरुष एका खोलीत राहिले तर कैरो, लक्सर किंवा अस्वानला काउंटरवर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ट्विन घ्या, दोन खाटा, प्रश्न मिटला. मीही आमच्या दोघांच्या नावापुढे ट्विन असंच लिहितो आणि कुणी विचारलंच तर भाऊ सांगतो. सांगताना आजही घशात काहीतरी अडकतं. पण धोका त्या खोलीत नाही. कुणा इजिप्शियन माणसाला तुम्ही त्या खोलीत बोलावता, तिथे तो सुरू होतो. त्याचं ओळखपत्र काउंटरवर मागितलं जातं. वर सोडत नाहीत. आणि त्याचं नाव कुठेतरी लिहिलं जातं.

सगळ्यात मोठा सापळा फोनमध्ये आहे. ग्राइंडरसारख्या डेटिंग ॲपवर पोलीसच खोटी खाती उघडून बोलत बसतात. गोड बोलतात, फोटो मागतात, भेटायची जागा ठरवतात. भेटायला जो येतो त्याला पकडतात, आणि त्याच्याच फोनमधलं संभाषण, फोटो, कधी खिशातला निरोध, एवढ्यावर खटला उभा राहतो. पकडलेल्या माणसाच्या शरीराची जी तथाकथित वैद्यकीय तपासणी करतात तिला शास्त्राचा कसलाही आधार नाही. तो छळ आहे. इजिप्तमधल्या आणि बाहेरच्या मानवी हक्क संघटनांनी हे वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलेलं आहे. कैरोतल्या तहरीर चौकाच्या आसपास, राजकीय वातावरण तापलं की, रस्त्यात थांबवून फोन उघडायला लावल्याचे प्रकारही झाले. म्हणून मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : विमानात बसण्याआधी ॲप काढून टाक. जुने फोटो, जुनी बोलणी घरी ठेव. हे मी तुझ्यासाठी जेवढं सांगतोय, त्याहून जास्त त्याच्यासाठी सांगतोय.

'त्याच्यासाठी' म्हणजे कुणासाठी, ते आता सांगतो.

११ मे २००१ ची पहाट. कैरोच्या झमालेक भागात नाईलच्या काठाला क्वीन बोट नावाची एक तरंगती डिस्को नांगरलेली असे. तिथे समलिंगी पुरुष जमायचे, सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रात्री पोलिसांनी छापा घातला. बोटीवर परदेशी माणसंही होती. पोलिसांनी माणसं वेगळी केली. परदेशी लोकांना जाऊ दिलं. इजिप्शियन पुरुषांना नेलं. त्यांच्यात आणखी काही जण रस्त्यावरून, घरांतून उचलून मिसळले, आणि ५२ जणांवर राज्य सुरक्षेच्या विशेष न्यायालयात खटला चालला. वर्तमानपत्रांनी नावं छापली, फोटो छापले. न्यायालयात आणताना त्या माणसांनी पांढऱ्या कापडांनी तोंडं झाकून घेतली होती. ते फोटो जगभर गेले. १४ नोव्हेंबर २००१ ला २३ जणांना शिक्षा झाली, २९ सुटले. सुटलेल्यांची घरं, नोकऱ्या, आयाबहिणी त्या मधल्या सहा महिन्यांनंतर कशा राहिल्या असतील, याची आपण फक्त कल्पना करू शकतो. हुसाम बहगत नावाच्या तेव्हाच्या एका तरुण मुलाला हा खटला सहन झाला नाही, त्याने २००२ मध्ये इजिप्तमध्ये नागरी हक्कांसाठी काम करणारी संस्था उभी केली. ती आजही काम करते.

मी ती बोट कितीतरी वेळा मनात उभी केली आहे. मला दिसतात ते जाऊ दिलेले परदेशी लोक. ते काठावर उतरले असतील, टॅक्सी केली असेल, हॉटेलवर जाऊन झोपही लागली नसेल. पण दोन-चार दिवसांत त्यांची विमानं सुटली असणार. त्यांच्याकडे परतीचं तिकीट होतं.

त्या बोटीतल्या दुसऱ्या बाजूला मी स्वतः एकदा उभा राहिलो आहे. ही गोष्ट मी जाहीरपणे प्रथमच सांगतोय.

१९९४ साल. मी २३ वर्षांचा, मुंबईत एका कचेरीत नवा लागलेलो. दक्षिण मुंबईत फिरताना युरोपातल्या एका प्रवाशाची ओळख झाली. चाळिशीचा, सभ्य, पुस्तकं वाचणारा माणूस. दोन दिवस त्याला मी शहर दाखवलं. भायखळ्याची राणीची बाग, गिरगावातल्या वाड्या, एका खानावळीत भाकरी-पिठलं. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या हॉटेलवर गेलो. त्याचं विमान त्याच रात्री होतं. लिफ्टपाशी पहाऱ्यावरच्या माणसाने मला अडवलं, त्याला नाही. त्याला सलाम ठोकला. तो लिफ्टमध्ये शिरला, हात हलवला, त्याला वाटलं मी मागून येईन. मला बाहेर काढलं, आणि फाटकाशी साध्या कपड्यांतले दोघे पोलीस उभे होते. चौकीत बाकावर बसवलं. ३७७ चा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकला. "घरचा पत्ता सांग, बापाला बोलावतो." माझ्या खिशात पगारातले उरलेले १,४०० रुपये होते, ते घेतले. मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ वडिलांनी नोकरी लागल्यावर दिलं होतं, तेही घेतलं. पहाटे सोडलं. वडिलांना मी सांगितलं, लोकलमध्ये घड्याळ मारलं कुणीतरी. ते गेले तोपर्यंत त्यांना तसंच वाटत राहिलं.

महिन्याभराने कचेरीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. एका तळ्याचं चित्र, मागे लिहिलेलं की मुंबई फार सुंदर होती, तू वर का आला नाहीस? माझा त्या माणसावर राग नाही. त्याला काही कळलंच नव्हतं. पण न कळण्याची सोय त्याला होती, मला नव्हती. आज मी पासपोर्ट घेऊन कैरोच्या विमानतळावर उतरतो तेव्हा ती सोय माझ्या खिशात असते, आणि मी ती ओळखतो. मला आज सांगायचंय ते मुळात एवढंच आहे. परक्या देशात समलिंगी प्रवाशाची सुरक्षितता हा प्रश्न मांडला की आपण प्रवाशाचा विचार करतो. जो तिथेच राहणार आहे त्याचा आधी करायला हवा.

हे फक्त आजचं नाही. तुमच्यापैकी इंग्रजी साहित्याचे वाचक असतील त्यांना ई. एम. फॉर्स्टर माहीत आहेत. त्यांचा आपल्या मुलखाशी संबंध आहे, पण आधी अलेक्झांड्रियाला जाऊ. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये, रेडक्रॉसच्या कामासाठी ते तिथे आले आणि तीन वर्षांहून जास्त राहिले. जखमी शिपायांच्या खाटेपाशी बसून हरवलेल्या सैनिकांची चौकशी करायची, हे काम. तिथल्या ट्रामवर महंमद एल अद्ल नावाचा तरुण कंडक्टर होता. दोघांचं प्रेम जमलं. महंमद त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेईना. एक दिवस निरीक्षकाच्या हे लक्षात आलं आणि महंमदची नोकरी जायची वेळ आली. फॉर्स्टरनी ओळखीच्या अधिकाऱ्याला गळ घातली म्हणून ती वाचली. किती साधा प्रसंग आहे बघा. एकाने दुसऱ्याला फुकट बसवलं, आणि पोटावर पाय आला तो कंडक्टरच्या. १९१९ मध्ये, इंग्रजांविरुद्ध देश पेटलेला असताना, बंदूक विकत घ्यायचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून महंमदला सहा महिने सक्तमजुरी झाली. फॉर्स्टर तेव्हा इंग्लंडला परतलेले होते.

१९२१ मध्ये फॉर्स्टर हिंदुस्थानात निघाले. वाटेत पोर्ट सैदला बोट थांबली तेवढ्या काही तासांत महंमदला भेटले. आणि पुढे आले ते थेट आपल्या माणसांत. देवासची थोरली पाती, तुकोजीराव पवार महाराजांचं मराठी संस्थान, तिथे खाजगी चिटणीस म्हणून. तिथला गोकुळाष्टमीचा सोहळा त्यांनी बघितला, तोच पुढे 'अ पॅसेज टू इंडिया' या १९२४ च्या कादंबरीत उतरला. देवासलाही त्यांचं मन एकटं पडलं, बोभाटा होईल या भीतीने त्यांनी पुरुषांबद्दलची आपली ओढ महाराजांपुढे कबूल केली. महाराजांनी त्यांना सांभाळून घेतलं, आणि पुढे एका न्हाव्याशी त्यांचे संबंध आले. या घटनेत मराठी माणूस म्हणून मला महाराजांबद्दल आदर वाटतो. पण माझं लक्ष त्या न्हाव्याकडेही जातं. पाहुण्याला राजाने सांभाळलं. न्हाव्याला सांभाळायला कोण होतं?

१९२२ च्या जानेवारीत परतताना फॉर्स्टर पुन्हा इजिप्तला थांबले. महंमद क्षयाने खंगला होता, त्याच वर्षी गेला. आणि त्याच वर्षी फॉर्स्टरचं 'अलेक्झांड्रिया : अ हिस्टरी अँड अ गाइड' हे पुस्तक निघालं. ट्रामने हे शहर कसं बघावं हे त्यात तपशिलाने दिलं आहे. माझ्या धंद्यातलं ते पुस्तक असल्यामुळे मी ते पुन्हा पुन्हा वाचतो, आणि ट्रामचा उल्लेख आला की माझा हात पानावर थांबतो.

तर मग बघायचं काय? आमच्या वाट्याला काही तरी हवं ना. रात्रीच्या जागा शोधत फिरायचं नाही, तर मग पिरॅमिड बघून, नाईलवर क्रूझ करून परत यायचं का? नाही. आमच्यासारख्यांच्या खुणा इजिप्तमध्ये दिवसाढवळ्या, तिकीट काढून बघता येतात, आणि त्या बघण्याने कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही.

अलेक्झांड्रियात कॉन्स्टंटाइन कवाफी या ग्रीक कवीचं घर आहे. जन्म १८६३, मृत्यू १९३३. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून पुरुषावरच्या प्रेमाच्या अशा कविता लिहिल्या की विसाव्या शतकातल्या ग्रीक कवितेत त्यांचं नाव पहिल्या काहींत घेतात. हयातीत त्यांनी विक्रीसाठी एकही संग्रह काढला नाही. सुटी पानं छापून ओळखीच्यांत वाटायचे. घराची आता संग्रहालय म्हणून नीट डागडुजी झाली आहे. छोट्या खोल्या, आरसे, एक लिहायचं टेबल. ग्रुपला मी तिथे नेत नाही, बसही त्या गल्लीत जात नाही. पण मोकळा दिवस मिळाला तर मी जातो, आणि तुम्हीही जा.

रोमन सम्राट हेड्रियनचा लाडका अँटिनोअस इसवी सन १३० मध्ये नाईलमध्ये बुडाला, आणि सम्राटाने त्याच्या नावाने काठावर एक शहर वसवलं. ते मिन्याजवळ होतं. नेपोलियनबरोबर आलेल्या चित्रकारांना तिथे खांब, कमानी उभ्या दिसल्या, पुढे दगड बांधकामाला गेले. आज तिथे फारसं काही उरलेलं नाही, त्यासाठी वाकडी वाट करू नये असं माझं मत. सिवा या वाळवंटातल्या हिरव्या बेटाबद्दलही लोक विचारतात. शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपीय प्रवाशांनी तिथल्या पुरुषांच्या आपसांतल्या संबंधांबद्दल पुष्कळ चवीने लिहून ठेवलं आहे. ते वाचून काही जण तिथे जातात आणि गावकऱ्यांना भलते प्रश्न विचारतात. सिवाला जा, झऱ्यांसाठी जा, खजुरांसाठी, मिठाच्या तळ्यांसाठी जा. गावकऱ्यांना त्यांच्या आजोबांबद्दल तसले प्रश्न विचारणं हा पाहुण्याचा उद्धटपणा आहे.

सक्काराला मात्र जायलाच हवं. कैरोच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड बघायला सगळे जातातच. तिथून उनास राजाच्या पिरॅमिडकडे जाणाऱ्या जुन्या फरसबंदी वाटेशेजारी एक थडगं आहे. १९६४ मध्ये सापडलं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन पुरुषांचं एकत्र थडगं : न्यांखख्नूम आणि ख्नूमहोतेप. दोघं राजाच्या नखांची निगा राखणाऱ्यांचे प्रमुख. राजाच्या अंगाला हात लावायची ज्यांना मुभा, असे मानाचे सेवक. आत शिरताना वाकावं लागतं. भिंतींवर मासे धरणारे, पाखरं पकडणारे, नखं कापणारे कारागीर, बायका-मुलं, सगळा संसार कोरलेला आहे. दोघांनाही बायका होत्या, मुलं होती, हे मुद्दाम सांगतो. आणि मग आतल्या भागात ते दोघं. उभे, एकमेकांना कवेत घेऊन, नाकाला नाक टेकलेलं. इतकी जवळीक तिथल्या भिंतींवर बहुतेक नवरा-बायकोच्या चित्रांत येते. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्याने पहिल्याचा हात धरलेला. कमरेच्या वस्त्रांच्या गाठी एकमेकींना टेकतील इतक्या जवळ.

विद्वानांत वाद आहे. कुणी म्हणतं जुळे भाऊ, कुणी म्हणतं जोडपं. माझा या वादात अधिकार नाही. पण तिथले लोक त्या जागेला 'दोन भावांचं थडगं' म्हणतात, आणि मला काउंटरवरचा माझा 'भाऊ' हा शब्द आठवतो. आमच्या ग्रुपमध्ये एकदा पुण्याचे दोघे गृहस्थ होते, साठीच्या पुढचे, 'कॉलेजपासूनचे मित्र' म्हणून आलेले. ग्रुप बाहेर पडला तरी ते त्या भिंतीपुढून हलेनात. मी मागे वळून बघितलं. एकाने दुसऱ्याचा चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत त्याच्या डोळ्यांवर बसवला. मी बाहेर जाऊन ग्रुपला पाणी पाजत दहा मिनिटं काढली.

मला विचारतात, अशा देशात जावं तरी का? तिथे पैसा ओतून आपण त्याच सरकारला बळ देत नाही का? २०१७ मध्ये कैरोत 'मशरू लैला' या लेबनॉनच्या बँडच्या कार्यक्रमात इंद्रधनुषी झेंडा फडकवला म्हणून सारा हेगाझी या तरुणीला पकडलं, तुरुंगात छळलं. पुढे ती कॅनडात आश्रयाला गेली आणि जून २०२० मध्ये तिने जीव दिला. हे आठवलं की मलाही प्रश्न पडतो. तरीही मी जातो. तिथल्या माणसांनी, हक्कांसाठी लढणाऱ्यांनी, 'येऊ नका' म्हटलं तर त्या दिवशी मी थांबेन. घरात बसून त्यांच्या वतीने बहिष्कार जाहीर करण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही. पण झेंडा घेऊन जाऊ नका. तुम्ही पिरॅमिडपुढे तो फडकवून फोटो काढाल, तुम्हाला फार तर विमानात बसवून परत पाठवतील. त्या फोटोत मागे उभा असलेला उंटवाला कुठे जाईल?

आणखी काही गोष्टी सांगून टाकतो. दोघी मैत्रिणी जात असतील तर त्यांना कायद्यापेक्षा रस्त्यावरचे पुरुष जास्त छळतात. त्यांनी ओळखीचा ड्रायव्हर, ओळखीचा गाइड यांवर पैसे वाचवू नयेत. ट्रान्स प्रवाशांच्या पासपोर्टावरचा फोटो आणि समोरचा माणूस यांत फरक दिसला तर इमिग्रेशनलाच प्रश्न उभे राहतात. तिथे त्याच 'फुजूर' शब्दाखाली ट्रान्स स्त्रियांनाही पकडतात. त्यांना मी इजिप्तला एकटं जाऊ नका असंच सांगतो. फोटो हवे तेवढे काढा, पण टाकायचे ते घरी परतल्यावर, आणि तिथे भेटलेल्या कुणाचा चेहरा त्यात नसावा.

माझ्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या, आईच्या, पती किंवा पत्नीच्या नावाला जागा आहे. माझ्या जोडीदारासाठी तिथे जागा नाही. म्हणून मी पाकिटात एक कागद ठेवतो : माझा रक्तगट, त्याचं नाव, नंबर, आणि काही झालं तर आधी याला कळवा, असं इंग्रजीत आणि अरबीत. कैरोतल्या भारतीय दूतावासाचा नंबरही त्यावर आहे. अटक झाली तर दूतावासाला कळवा असं सांगण्याचा तुम्हाला आंतरराष्ट्रीय कराराने हक्क आहे. दूतावास तुम्हाला सोडवून आणू शकत नाही, पण वकिलांची यादी देतो आणि तुम्ही कुठे आहात हे कुणाला तरी ठाऊक होतं. हा कागद लॅमिनेट करून घ्या, उन्हात घामाने भिजतो.

एक आठवण उरली आहे. ती सांगताना मी वर्ष सांगणार नाही, माणसाचं वर्णन करणार नाही, नावाचा तर प्रश्नच नाही. तिथले गाइड परीक्षा देऊन, परवाना घेऊन काम करतात, आणि तो परवाना हीच त्यांची भाकरी असते. अशाच एकाबरोबर मी पुष्कळ वेळा सक्काराला गेलो. ग्रुपपुढे तो दरवेळी तेच बोलायचा, "हे दोन भाऊ होते," आणि पुढच्या भिंतीकडे वळायचा. एकदा ग्रुप पिरॅमिडपाशी फोटो काढत होता आणि आम्ही दोघंच थडग्यात होतो, आत थंडगार, बाहेरच्या उन्हाने डोळे अजून दिपलेले. तो त्या दोघांपुढे उभा राहिला. बराच वेळ. नेहमीचं वाक्य बोलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. मी तो विचारला नाही. बाहेर रखवालदार उभा होता, आणि त्या रात्री माझं विमान होतं.